सरपंचबाईंची सही

आमच्या भागात सरपंचपती नावाचं एक पद आहे. राज्यघटनेत ते सापडत नाही. 1992च्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये तो वाटा निम्म्यावर नेला. पण या सद्गृहस्थांचा उल्लेख कुठल्याच कलमात नाही. तरी गावात शिरावं तर पहिला नमस्कार त्यांनाच घडतो. वेशीवरच्या फ्लेक्सवर ते हात जोडून ऐसपैस उभे असतात आणि निवडून आलेल्या बाई पानातल्या मिठाएवढ्या, कोपऱ्यात.

अशाच एका गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात रहिवासी दाखल्यासाठी ताटकळलो होतो. गांधीजींच्या तसबिरीखाली सरपंचांची खुर्ची, तिच्या पाठीला पांढराशुभ्र टॉवेल, आणि टॉवेलला टेकलेलं कुणीच नाही. पतिराज शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. थोरल्या खुर्चीत बसायचं नाही एवढा संकोच त्यांनी भरताच्या निष्ठेने पाळला होता; वनवास तेवढा घरच्या स्वयंपाकघरात चालू होता. शिक्का त्यांच्या खिशात. कागद सहीपुरते शिपायाबरोबर घरी जात.

मला आजी आठवली. सत्यनारायणाला पहाटेपासून ती राबायची. केळीचे खांब, प्रसादाचा शिरा, भटजींचं सोवळं, सारं तिच्याकडे. पूजेला मात्र आजोबा बसत आणि ती त्यांच्या हाताला नुसता हात लावी. तेवढ्याने म्हणे अर्धं पुण्य मिळतं. इथे संकल्प बाईंच्या नावाचा होता, पळी मात्र अजून त्याच हातात.

पण सहीची एक खोड आहे. रोज करावी लागली की माणसाला वर काय लिहिलंय ते पाहावंसं वाटू लागतं. त्या दुपारी शिपाई रिकाम्या हाताने परतला. म्हणाला, “वहिनी म्हणाल्या, ठेव तिथं, वाचून देते.” पतिराजांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या टॉवेलकडे. दाखला मिळायला संध्याकाळ झाली. त्यांच्याच पैशाने आलेला चहा मी दोनदा घेतला, आणि खरं सांगायचं तर उशिराचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

वाचायची सवय जडते न जडते तोच पाच वर्षं सरतात. आरक्षणाची सोडत निघते, पद खुलं होतं आणि पतिराज स्वतःच्या नावाचे फ्लेक्स छापायला टाकतात. खुल्या जागेवर बाईंनी उभं राहायला कायद्याची काहीही आडकाठी नाही.