मापांची सहिष्णुता

सगळ्या जगाला एकच माप हवे, हा हट्ट आम्हाला पटत नाही. 1956 साली कायदा करून देशात मेट्रिक पद्धत आणली, पण जमिनीने सहिष्णुता सोडली नाही. सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये नांदते, पारावर गुंठ्यांत बोलते आणि वर इमारत उभी राहिली की चौरस फुटांत विकली जाते. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, आर सुमारे 1,076 चा. मधल्या फरकावर भावकी कोर्टात जाते, वकिलांची पोरे शिकतात. सुपर बिल्ट-अप फूट तर इतका उदार, की त्यात जिना आणि लिफ्टही मावते. रेराने कार्पेटचा हेका धरला, तो सोडा. उलट दूधवाल्याने लिटरमध्ये किटलीही मोजावी. बँकांना मात्र नम्र विनंती: आमचा हप्ताही सुपर बिल्ट-अप रुपयांत स्वीकारावा.