भावकीचे वसुली अधिकारी

प्रत्येक भावकीत एक आबा असतात. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे भाऊकाका, पुण्यात 'ते कुलवृत्तांताचं बघतात ना, ते'. वय साठीच्या पुढे, पेन्शन बेताची, गुडघे कुरकुरणारे आणि स्मरणशक्ती धोकादायक. धोकादायक अशासाठी, की लग्नाच्या पंगतीत तुमचा हात जिलेबीकडे निघालेला असताना ते शेजारची खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "तुम्ही थोरल्या तक्षिमेतले की धाकट्या?" तुम्ही जे सांगाल ते चूक असतं. तुमचे पणजोबा दत्तक गेले होते हे तुम्हाला माहीत नसतं, त्यांना असतं.

आमच्या कॉलनीतले आबा सातारा जिल्ह्यातले. आडनाव मुद्दाम सांगत नाही. त्या आडनावाचा एखादा वाचक निघाला, तर संध्याकाळच्या आत त्याला फोन जाईल.

आबा एका सहकारी बँकेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कर्जदार गाव सोडून गेला, मेव्हण्याच्या नावावर ट्रॅक्टर केला, स्वतः वारल्याची आवई उठवली, तरी आबा त्याला हुडकून काढायचे. निवृत्तीनंतर हुडकायला कर्जदार उरले नाहीत, म्हणून त्यांनी नातेवाईक हुडकायला घेतले. पद्धत मात्र जुनीच राहिली. फेसबुकवर आडनाव टाकायचं, गाव जुळतंय का बघायचं, कुठून तरी नंबर मिळवायचा आणि सकाळी आठला फोन लावायचा. "नमस्कार. तुमचे आजोबा 58 साली गाव सोडून मुंबईला गेले, बरोबर? गिरणीत होते? सध्या आपण राहता कुठे? घर स्वतःचं की भाड्याचं?" पलीकडचा माणूस इथवर येईपर्यंत फोन ठेवतो. आजोबांचं कुठलं कर्ज निघालं या काळजीने निम्मी भावकी आबांचा नंबर ब्लॉक करून बसली आहे. उरलेली निम्मी ग्रुपवर आहे आणि तिने ग्रुप म्यूट केला आहे.

आबांच्या आधी ही कामं माणसं करायची, आणि रीतीने करायची. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सुगी झाली की हेळवी यायचा. बैलावरून यायचा, दारात बसून घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणायचा, नवीन जन्मलेल्या पोराचं नाव वहीत चढवायचा आणि धान्य घेऊन जायचा. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशीला, हरिद्वारला तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर ते बाड काढतात आणि तुमच्या खापरपणजोबांची मोडी सही तुमच्यापुढे धरतात. हरिद्वारच्या वह्यांचं मोल तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने ओळखलं आणि त्यांची मायक्रोफिल्म करून नेली. म्हणजे आपल्या पणजोबांनी गंगेत सोडलेल्या अस्थी गंगेत राहिल्या आणि त्यांचं नाव सॉल्ट लेक सिटीला गेलं. हे कळल्यावर आबा दोन दिवस अस्वस्थ होते. "आपली वसुली परस्पर दुसऱ्यानं केली," असं त्यांचं म्हणणं.

मग मुलाने त्यांना लॅपटॉप घेऊन दिला आणि वंशवृक्ष बनवायच्या एका संकेतस्थळावर खातं उघडून दिलं. मुलगा बंगळुरूला असतो. वडिलांना कशात तरी गुंतवावं, म्हणजे ते आपल्याला लग्नाबद्दल विचारणार नाहीत, असा त्याचा हिशेब. तो चुकला, आता ते झाडाची फांदी खुंटल्याचा स्क्रीनशॉट पाठवतात.

संकेतस्थळ परदेशी, आणि आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात हे त्याच्या गावी नाही. आबांचं घराणं म्हणजे तुकाराम राणोजी, त्यांचा राणोजी तुकाराम, त्यांचा पुन्हा तुकाराम राणोजी, असं थेट वरपर्यंत. संगणकाने हे बघितलं आणि नम्रपणे सुचवलं, की ही सगळी एकच व्यक्ती दिसते, एकत्र करू का? आबांना वाटलं, तो कुटुंब एकत्र करायचं म्हणतोय. एकत्र कुटुंबाला त्यांचा कधीच विरोध नव्हता. त्यांनी होकाराचं बटण दाबलं. त्या संध्याकाळी त्यांच्या घराण्यात एकच तुकाराम उरला. तो जवळजवळ अडीचशे वर्षं जगला, त्याने चार लग्नं केली आणि तो स्वतःचाच आजोबा होता.

जन्मतारखांचा घोळ त्याहून मोठा. संकेतस्थळाला दिवस, महिना, साल असं सगळं लागतं. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेली तारीख, 1 जून. एकट्या आबांच्या भावकीत तीन पिढ्यांतली बहुतेक माणसं 1 जूनला जन्मली आहेत. त्या सकाळी वाढदिवसाच्या सूचनांनी लॅपटॉप अक्षरशः गरम होतो. शाळेत न गेलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आबा गावातल्या म्हाताऱ्या चुलतीला फोनवर विचारतात, "काकू, दादांचा जन्म कधीचा?" काकू सांगतात, "पिलेगात माणसं रानात राहत हुती बघ, तवाचा." कुणी बहात्तरच्या दुष्काळात झालेला, कुणी कोयनेच्या भूकंपाच्या रात्री. भूकंपवाला त्यातल्या त्यात सोयीचा, कारण 11 डिसेंबर 1967 ही तारीख तरी पक्की. त्या रात्री जन्मलेल्याबद्दल आबांना विशेष आदर आहे. "नोंद कशी असावी, तर अशी," म्हणतात.

आणि मग काकी. आबांच्या पत्नी. झाडावर 312 माणसं चढल्यावर आबांनी मोठ्या छपाईच्या दुकानातून तक्ता काढून आणला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. काकींनी चष्मा लावून तो खालून वर वाचला. म्हणाल्या, "यात बायका कुठं हायत?" आबांनी शेवटच्या ओळीतल्या दोन सुना आणि एक 'कन्या' दाखवली. "आन् वर? वरचे सगळे आभाळातनं पडले?"

प्रश्न साधा होता आणि वंशावळीच्या सगळ्या धंद्यालाच लागू होता. हेळव्याच्या वहीत, हक्कनोंदीत, जुन्या कागदांत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी शिडी उतरत येते. आई असली तर कुणाची तरी 'कोम', म्हणजे बायको, म्हणून. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पिढीत माणसाचे 1,024 पूर्वज होतात. आबांच्या तक्त्यात त्यातला एक. हे गणित मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तो एक मिळवायला चार वर्षं गेली. बाकीच्यांची वसुली मुलगा करील."

खरं सांगायचं, तर आबांच्या घरातलं खरं संशोधन काकींच्या ट्रंकेत आहे. तिच्यात सत्तर सालापासूनच्या लग्नपत्रिका आहेत. पत्रिकेइतका भरवशाचा कागद दुसरा नाही. वधूचं माहेर, वराचं गाव, मामा कोण, 'आपले नम्र'मध्ये कोण वर आणि कोण खाली, आणि कुणाचं नाव गाळलं, म्हणजे त्या साली कुणाचं कुणाशी बोलणं बंद होतं, सगळं छापील. संकेतस्थळाला लग्नानंतर नाव बदललेली बाई सापडत नाही. काकींना सापडते. "ती होय? माहेरची शांता. सासरी सुनंदा केलं. रहिमतपूरला दिली. तिची नणंद आपल्या बारक्याच्या सासूची मावसबहीण." एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागतात आणि आबा धावत लॅपटॉपकडे जातात. झाडावर बायकांची संख्या वाढली ती अशी. श्रेय मात्र तक्त्याच्या तळाशी 'संकलक' म्हणून एकट्या आबांनाच आहे. काकींनी त्यावर लिंबू-मिरची टांगली आहे. हा निषेध की आशीर्वाद, ते आबांनी विचारलेलं नाही.

मुलींची नावं तक्त्यावर चढली आणि ग्रुप खडबडून जागा झाला. इतके दिवस फक्त गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' पाठवणारे चुलतभाऊ एकदम लिहू लागले. 2005 च्या कायद्याने मुलीही वडिलोपार्जित जमिनीत सारख्या वाटेकरी. सावंतवाडीची आत्या, तिच्या तीन मुली, कल्याणला स्थायिक झालेली पुतणी, ज्यांची हक्कसोडपत्रं घ्यायची राहून गेली होती, त्या सगळ्या रांगेने भिंतीवर दिसू लागल्या. "आबा, झाडावर ठेवा, सातबाऱ्यावर नको," असा एकाचा निरोप आला. दुसऱ्याने झाडच खासगी करायला सांगितलं. आबांना यातलं काही दिसलंच नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं, की पहिल्यांदाच सगळी भावकी एका विषयावर बोलतेय.

पण आबांचे सोन्याचे दिवस आले ते 2023 च्या सप्टेंबरनंतर. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि महाराष्ट्रभर लोक गाव नमुना 14, शाळेचं जनरल रजिस्टर, हक्कनोंदी उलगडू लागले. यातलं बरंच मोडीत, आणि नोंद सापडली तरी त्या माणसाशी आपलं नातं दाखवायला वंशावळ हवी. काल ज्यांनी ब्लॉक केलं होतं ते आज पेढे घेऊन दारात. आबांच्या हॉलमध्ये चपला मावेनात. मागण्या कशा-कशा! एकाला खापरपणजोबा हवे होते, दुसऱ्याला ते शक्यतो आजच हवे होते, तिसऱ्याला त्याचे स्वतःचे पसंत नव्हते, म्हणून जवळपासचे चालणार होते. आबा तिसऱ्यावर भडकले. आयुष्यभर कर्ज बुडवणाऱ्यांची खोटी कागदपत्रं पाहिलेला माणूस. जे आहे ते छापून देत होते, नाही ते नाही म्हणून. त्या दिवसांत त्यांनी नवीन शत्रू बरेच केले, पण काकींनी सांगितलेलं एकही नातं चुकीचं निघालं नाही.

मध्येच मॉरिशसहून एका बाईचा मेसेज आला. तिचे पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून गेलेले. घरी क्रिओल बोलतात, गणपती बसवतात, मराठी आरतीपुरतं येतं. तिच्याकडे मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरातला कागद होता: पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जहाज. मळ्यावरचा मजूर पळून जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सगळं टिपून ठेवलेलं. आबा तो कागद बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या पणजोबांबद्दल इतकी माहिती कुठेच नव्हती. "आपलेही कुणीतरी पळवून न्यायला पाहिजे होते," ते म्हणाले. नातं काही जुळलं नाही, तरी दर चतुर्थीला त्या बाईचा फोटो येतो आणि आबा तो ग्रुपवर टाकतात.

आता पानिपत. आबांच्या सगळ्या उद्योगाच्या तळाशी पानिपत आहे. त्यांच्यासारख्या प्रत्येकाच्या असतं. महाराष्ट्रात पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला आपल्या घरातला कुणीतरी 14 जानेवारी 1761 ला तिथे पडलेला हवा असतो. जगून परत आलेला चालत नाही. आबांच्या अंदाजाने त्यांचा मूळ राणोजी तिथेच कामी आला, कारण त्यानंतर त्याचा पत्ता लागत नव्हता. वसुलीच्या भाषेत हे पुरेसं होतं. त्यासाठी ते मोडी शिकले.

आणि बडोद्याकडे गेलेल्या एका तक्षिमेने ट्रंकेतल्या कागदाचा फोटो पाठवला. आबांनी भिंग घेऊन वाचायला सुरुवात केली. शके 1682, पौष मास. म्हणजे बरोबर पानिपतचा महिना! आबांचा आवाज कापायला लागला. राणोजीचं नाव स्पष्ट होतं. पुढे होतं, की बैल घेण्याकरिता सावकाराकडून रुपये 40 घेतले, दरसाल दर शेकडा 12 प्रमाणे व्याज देईन. भाऊसाहेब तिकडे लढत होते तेव्हा राणोजी गावात बसून बैलाचा दात बघत होता. आणि कर्जखताच्या पाठीवर परतफेडीची नोंद नव्हती. राणोजी थकबाकीदार होता.

आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला. सरळ व्याजाने रक्कम हजाराच्या वर जाते, पण दामदुपटीचा जुना नियम आहे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. येणे एकूण 80 रुपये. मग त्यांनी नेहमीच्या पद्धतीने सावकाराचे वंशज हुडकले. पुण्यात सापडले. आयुष्यात प्रथमच आबांनी पैसे द्यायला फोन केला. मी स्पीकरवर ऐकत होतो. नाव, गाव, शके, रक्कम, सगळं सांगून झाल्यावर पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "राणोजी ना? अहो, एक नाही, आमच्या दप्तरात त्यांची तीन खतं आहेत. मी फोटो पाठवतो. आमच्याकडचं कुलवृत्तांताचं मीच बघतो."

फोटो रात्री आले. दुसऱ्या खतावर जामीन म्हणून राणोजीच्या सासऱ्याचं नाव होतं, गावासकट. त्या पिढीतल्या बाईचं माहेर पहिल्यांदाच सापडलं. आबा स्वयंपाकघरात जाऊन ओरडून सांगू लागले.

काकींनी पोळी उलटली. "बघा," म्हणाल्या, "कर्ज काढायची पाळी आली, तवा बायकूचं म्हायेर आठवलं."