सुईच्या टोकावरचे गृहस्थ

सातारा आणि सांगली या दोन शहरांतील साठी ओलांडलेल्या मध्यमवर्गीय पुरुषांत अलीकडे एक उपजाती ओळखू येऊ लागली असून, मुले पुण्याला स्थायिक झाल्यावर माळा आवरताना तबकड्यांची पेटी सापडणे, हा तिचा उगम होय. कॅसेटच्या दिवसांत या गृहस्थांनी घरचा एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेअर भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलेला असतो आणि काट्यावर त्याच्याशी हुज्जतही घातलेली असते. आता मात्र त्यांचा वजनाशी संबंध ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत सूक्ष्म झालेला असतो.

निवड हे पहिले पर्व. मोटरची गती रबरी पट्ट्याने तबकडीपर्यंत पोचवणारे यंत्र घ्यावे, की तबकडीखालीच मोटर असलेले, यावर काही महिने जातात. नातवाने आणलेले, स्पीकरसकट सुटकेसमध्ये मावणारे यंत्र तर पिनचा भार जास्त म्हणून तुच्छ ठरते. पसंतीचे यंत्र आल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यातून डासाच्या गुणगुणण्याएवढाच आवाज येतो, कारण पिनकडून मिळणारा क्षीण विद्युतप्रवाह वाढवणारा आणि तबकडी कापताना मुद्दाम घटवलेला खर्ज भरून काढणारा ‘फोनो प्रीॲम्प’ वेगळा घ्यावा लागतो.

मांडणी हे त्याहून प्रदीर्घ पर्व. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या जुन्या घरात फरशीला मोरीकडे ढाळ दिलेला असल्याने सातारकर गवंड्याची पाणसळ मागून आणतो. सांगलीकर 2005 आणि 2019 च्या महापुरांपासून धडा घेऊन यंत्र माडीवर नेतो. पण तिथल्या लाकडी तक्तपोशीवर कोणी पाऊल टाकले की पिन उडी मारते, म्हणून गाणे चालू असताना घरच्यांना हालचालीची मुभा नसते. मग टोनआर्म, म्हणजे पिन धरून तबकडीवर आत सरकणारा दांडा, त्याचे मागचे वजन फिरवत सुमारे दोन ग्रॅम भारावर आणला जातो. सांगलीला खेटून असलेल्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीचा नादाला आकार देणारा पृष्ठभाग, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कानाने जुळवत आले. या गृहस्थांचा विश्वास मात्र कानापेक्षा काट्यावर अधिक. “अहो, गाणं लावताय की मोजताय?” हा घरातला प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही, कारण एलपीच्या पहिल्या गाण्यापलीकडे तपासणी सहसा जातच नाही.

खरी अडचण पुढे उद्भवते. पेटीतल्या ज्या तबकड्यांसाठी हा खटाटोप, त्या बालगंधर्वांच्या आणि 1937 मध्ये निवर्तलेल्या, मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या असतात. त्या व्हिनाइलच्या नव्हेत, तर लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, आणि त्यांच्या रुंद खाचेला पिनही जाड लागते. निवडलेल्या देखण्या यंत्राला मात्र 33⅓ आणि 45 एवढ्याच गती असतात. 78 चा खटका असतो तो नातवाच्या सुटकेसला, आणि हे गृहस्थ कोणी आल्याची चाहूल लागताच तिचे झाकण मिटतात. तत्त्वतः ते आता दुसरे यंत्र घेण्याच्या विचारात असतात. त्यासाठी दुसरे टेबल, दुसरी पिन आणि पत्नीची संमती लागणार असली, तरी गवंड्याची पाणसळ अद्याप परत केलेली नाही, एवढी बचत ते आवर्जून निदर्शनास आणतात.