कमी आवाजाचं मशीन

आवाज मोठा करणारं यंत्र विकत घ्यायचं आणि घेताना ते किती हळू वाजेल एवढीच चौकशी करायची, असा व्यवहार आमच्या घराण्यात यापूर्वी कुणी केलेला नाही. तो माझ्या वाट्याला आला, कारण मी मामा आहे. शिवाय मी बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीत हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि नववीला ध्वनीचा धडा घेतो. त्यामुळे आवाजाची कुठलीही तक्रार गावात शेवटी माझ्या दारात येते. सप्ताहात माइक शिट्टी मारू लागला की कीर्तन थांबतं आणि मंडपातली सगळी डोकी माझ्याकडे वळतात. मी धडा शिकवतो, माइक दुरुस्त करत नाही, हे सांगून झालं आहे. त्याचा उपयोग झालेला नाही.

भाचा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला आहे, वसतिगृहात राहतो. पहिल्या वर्षी त्याने साधी गिटार घेतली. दुसऱ्या वर्षी ती विकून विजेवरची घेतली. विजेवरच्या गिटारीची तार मशीन न जोडता छेडली तर शेजारच्या खाटेवरचा माणूस कूससुद्धा बदलत नाही. माझ्या मते वसतिगृहाला याहून सोयीचं वाद्य शोधून सापडलं नसतं. पण ताईचा फोन आला. "तुला त्यातलं कळतंय की. लेकराला एक बारकं मशीन बघून दे. लई महागाचं नको." मला त्यातलं कळतं हे कुणी ठरवलं, असं थोरल्या बहिणीला विचारायची पद्धत नाही.

गावात मशीन म्हणजे मंडपवाल्याचं अहुजा. ही कंपनी १९४० सालची, म्हणजे आमच्याकडे निजामाचं राज्य होतं तेव्हापासूनची. लग्न असो, उरूस असो, ग्रामपंचायतीचा प्रचार असो, आवाज तिचाच. मंडपवाल्याकडे अडीचशे वॅटचं मशीन आणि त्याच्या जोडीला कर्णे आहेत, म्हणून या विषयातला जाणकार समजून मी आधी त्याला गाठलं.

"किती वॅटचं पाहिजे, सर?"

"दोन-तीन."

"दोन-तीनशे?"

"नुसतं दोन-तीन."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझा पगार थांबला आहे, अशी त्याची खात्री झाली असावी. "दोन वॅटमधी काय होतंय, सर? खोली केवढी हाय?"

"दहा बाय बारा. तिघं राहतात."

"मंग पन्नास तरी घ्या. लेकरू शिकाय गेलंय, चोरी कराय नाही."

वॅटचा हा घोटाळा समजावायला मला वर्गात पूर्ण तास पुरत नाही, तिथे पानटपरीपुढे काय पुरणार? वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दहापट लागतात. स्पीकर तोच ठेवला तर शंभर वॅटचं मशीन दहा वॅटच्या दुप्पटच वाजतं, आणि दहाचं एकाच्या दुप्पट. या हिशेबाने मंडपवाल्याचे अडीचशे वॅट माझ्या तीन वॅटच्या चौपटही भरत नाहीत. हे मी त्याला आकडेमोड करून दाखवलं. त्याने कागद नीट पाहिला आणि विचारलं, "मंग मी भाडं बी चौपटच घेऊ काय?"

उलट बाजूने पाहिलं तर काम आणखीच अवघड होतं. गिटारच्या मोठ्या स्पीकरला एक वॅट दिला तरी मीटरभर अंतरावर तो ९० डेसिबलच्या पुढे जातो. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा, आणि शिक्षणसंस्थांभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालं तर ५० आणि ४०. थोडक्यात, भाच्याला रात्री साडेदहाला कायद्यात राहून वाजवायचं असेल तर मशीन बंद ठेवून वाजवणं हा सरळ मार्ग आहे. तो फुकटही आहे. ताईला मी तो कळवला. तिने फोन ठेवला.

मग मी कॅटलॉग वाचायला बसलो. प्रत्येक लहान मशीनखाली 'बेडरूममधल्या सरावासाठी उत्तम' असं लिहिलेलं असतं. ही बेडरूम कुणाची, ते मात्र लिहिलेलं नसतं. तिकडच्या मुलाला स्वतःची खोली असते, खोलीला दार असतं, आणि आईबाप दुसऱ्या मजल्यावर असतात. भाच्याच्या बेडरूममध्ये तीन खाटा आहेत. एका खाटेवर औरादचा मुलगा स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो, दुसऱ्यावरचा रायचूरचा मुलगा नऊला झोपतो, आणि दाराबाहेरच्या व्हरांड्यात अख्खा मजला दात घासत असतो. फेंडरचं फ्रंटमन १०जी हे दहा वॅटचं, सहा इंची स्पीकरचं मशीन सगळ्यात लहान म्हणून दाखवतात. ते या खोलीत अर्ध्यावर आणलं तर दात घासणारे थांबतील. रोलंडचं मायक्रो क्यूब जीएक्स तीन वॅटचं, बॅटरीवरही चालतं. मार्शलचं एमएस-२ एकाच वॅटचं, आणि त्याला कंबरेला अडकवायची क्लिप आहे. कंबरेला मशीन लावून मेसच्या रांगेत उभा असलेला भाचा डोळ्यांपुढे आला आणि मी पान उलटलं.

खरं सांगायचं तर उत्तर मला पहिल्याच संध्याकाळी सापडलं होतं. व्हॉक्स कंपनीचं अँपप्लग नावाचं छोटंसं यंत्र येतं. ते थेट गिटारीत खुपसायचं, त्यात हेडफोन लावायचा, संपलं. स्पीकर नाही, वॅट नाही, औरादच्या मुलाची तक्रार नाही, किंमतही कमी. असा विचार पूर्वीही लोकांनी केलेला आहे. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ हा मुळात एमआयटीचा इंजिनिअर. त्याने १९८२ मध्ये रॉकमन नावाचं हेडफोनचं यंत्र बाजारात आणलं आणि मोठमोठ्या कलावंतांनी ते वापरलं. मी हे सगळं भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, मग पोरांना कसं ऐकू येणार?"

पोरांना ऐकू जाऊ नये या एकाच अटीवर मी इतके दिवस जागत होतो.

आता एका बटणाविषयी. या मशीनवर आवाजाचं एक बटण असतं, ते समजतं. त्याच्या शेजारी 'गेन' नावाचं दुसरं असतं. ते फिरवलं की आवाज फाटतो. चुकून फाटत नाही, फाटावा म्हणूनच ते बसवलेलं असतं. आमचा मंडपवाला वीस वर्षं एकाच गोष्टीशी झगडतो आहे, ती म्हणजे आवाज फाटू नये. कॉइल बदलतो, कर्ण्याचं युनिट बदलतो, वायरी खरवडून पुन्हा पिळतो. तरी वरातीच्या ऐन रंगात आवाज फाटतो आणि वरबाप भाडं कापतो. आणि तिकडे याच गोष्टीला वेगळं बटण आणि वेगळे पैसे.

याचा इतिहास वाचला तेव्हा मला भाच्यापेक्षा मंडपवाल्याची जास्त कीव आली. १९५१ मध्ये अमेरिकेत 'रॉकेट ८८' नावाची तबकडी निघाली. तिच्यातल्या गिटारचा आवाज घोगरा आहे, कारण रेकॉर्डिंगला जाताना मशीनची मोडतोड झाली होती आणि स्पीकरच्या कोनात कागद कोंबून वेळ निभावली होती, असं सांगतात. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने, वय वर्षं सतरा, आपल्या लहानशा स्वस्त मशीनच्या स्पीकरचा कोन दाढीच्या पात्याने चिरला. त्या आवाजातलं गाणं जगभर गाजलं. आमच्याकडे हाच प्रयोग पंचायतीच्या स्पीकरवर एका मुलाने केला होता. त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं.

हे मी मंडपवाल्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. "सर, फाटल्यालाच पाहिजे असंल तर माझ्याकडं दोन कर्णे पडल्यात की. न्या. पैसे नकोत."

दरम्यान मला लोक विचारू लागले होते की गिटार वाजवता येत नसताना तुम्ही मशीन कसं निवडता. त्यांच्यासाठी नोंद करून ठेवतो. या यंत्राचा धंदा ज्याने उभा केला तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला शेवटपर्यंत गिटार वाजवता आली नाही. दुसरा जिम मार्शल, तो लंडनमध्ये ड्रम शिकवायचा आणि ड्रम विकायचा. त्याच्या दुकानातून १९६२ मध्ये पहिलं मार्शल मशीन निघालं. गिटार न येणं ही या क्षेत्रातली जुनी आणि मान्य पात्रता आहे.

फोनला जोडून चालणारीही मशीनं आहेत. त्यात जगातल्या नामांकित मशीनांचे आवाज भरलेले असतात. ते ऐकण्यासाठी ॲप उतरवायचं, खातं उघडायचं, आणि मग नवी आवृत्ती उतरेपर्यंत बसून राहायचं. सतार जुळवायलाही वेळ लागतो, पण सतार पासवर्ड मागत नाही. ही जात मी बाद केली.

विजेचा प्रश्न उरला. भाच्याच्या खोलीत तीन भोकांचं सॉकेट आहे. वरच्या मोठ्या भोकामागे वायर नाही, ते शोभेचं आहे. अर्थिंग नसलं की गिटारचं मशीन घूं करत राहतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. गिटारवाल्यांच्या भाषेत हा सूर खालच्या 'जी'च्या जवळ, किंचित चढा. म्हणजे वसतिगृहाने मुलांना फुकटात तंबोरा दिला आहे, फक्त तो जुळवता येत नाही. अर्थिंगचं काय ते विचारायला मी वॉर्डनना फोन केला. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, उन्हाळ्यात वरून पाणी ओततात, हेही सांगितलं. ते म्हणाले, पाणी मुलांना आंघोळीला पुरत नाही.

त्यावरून आठवलं, म्हणून परवानगीचंही विचारून घेतलं. खोलीत हीटर, शेगडी, इस्त्री यांना बंदी आहे. गिटारचं मशीन यादीत नव्हतं. वॉर्डननी एकच प्रश्न केला, "त्याच्यावर पाणी तापतं का?" मी नाही म्हणालो. "मग चालेल."

शेवटी तीन वॅटचं, तीन इंची स्पीकरचं, सेलवर चालणारं मशीन ठरलं. दुकानदार हैदराबादला जा म्हणाला. बीदर जिल्ह्यात चपलेपासून ऑपरेशनपर्यंत कुठलीही गोष्ट विचारली की हेच उत्तर मिळतं. म्हणून घरबसल्या मागवलं. कुरिअर भालकीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पुढचा रस्ता त्याला माहीत नव्हता, मला होता, म्हणून मी गेलो. खोक्यात मशीन होतं. अडॅप्टर वेगळा घ्यायचा, गिटारीला जोडायची वायर वेगळी घ्यायची, हेडफोनची पिन जाड की बारीक ते घरी आल्यावर कळणार. गावातल्या दुकानातून सहा पेन्सिल सेल घेतले, घालून पाहिले, भाच्याकडे पाठवून दिलं. औरादच्या मुलाने तक्रार केली नाही. पंख्याचा आवाज जास्त आहे, असं तो म्हणाला.

तक्रार वेगळीच आहे. १७ सप्टेंबरला कल्याण कर्नाटक उत्सव दिन. वसतिगृहात झेंडा झाला, भाषणाची वेळ आली आणि वीज गेली. तिथलं अडीचशे वॅटचं मशीन गप्प. कुणीतरी भाच्याचं मशीन आणलं. माइकची जाड पिन गिटारच्या भोकात बरोबर बसते. 'गेन'चं बटण आदल्या रात्रीपासून शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, ते कुणी पाहिलं नाही. वॉर्डननी १९४८ सालची पोलीस कारवाई, ३७१ जे कलम आणि मेसची थकबाकी हे सगळं त्या आवाजात सांगितलं. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. रायचूरच्या मुलाला पहिल्यांदाच मागच्या रांगेत नीट ऐकू आलं.

तेव्हापासून दर कार्यक्रमाला मशीन ऑफिसात जातं आणि येताना सेल संपलेले असतात. भाच्याने नव्या सेलचे पैसे मागितले. ऑफिसने अर्ज मागितला, तो दिला. मग बिल मागितलं. मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "सर, चार पिढ्या झाल्या दुकानाला, सेलचं बिल आजपत्तर कुणी मागितलं नाही." मग त्याने पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून दिलं. ऑफिसला त्यावर शिक्का हवा आहे.