वायफायचे खोत

खोती संपून काळ लोटला. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक मांडलं, 1949 च्या कायद्यानं ती रीतसर गेली. पण तिन्हीसांजेला भरणे नाक्यावरून रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडात शिरताना एखाद्या जांभ्याच्या घराच्या ओटीवर डोकावून बघा. खुर्चीत बनियनवर बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेले, मांडीवर वही आणि डोक्यावर खिळ्याला टांगलेला राउटर, असे गृहस्थ दिसले की समजावं, खोत अजून आहेत. जमिनीचे नाहीत, वायफायचे.

हे बहुधा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले असतात. जन्मभर दुसऱ्याचा अर्ज अडवला, आता अडवायला अर्ज येत नाहीत. अशात 2020 ची टाळेबंदी आली, शाळा घरात आली, लोट्याला कंपनीत जाणाऱ्या मुलानं फायबरचं कनेक्शन घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "बाबा, बिलाचं तेवढं तुम्ही बघा." बिल ज्याच्या हातात, पासवर्ड त्याच्या हातात. सनद मिळाली.

खोतांची नजर मात्र घरातल्या एकाच यंत्रावर असते, नातवाच्या कॉम्प्युटरवर. मुलाचा लॅपटॉप, सुनेचा फोन, आजींचा टीव्ही यांना मोकळीक. खोतांच्या स्वतःच्या फोनला तर विशेष मोकळीक, कारण त्यावर पहाटेपासून सुविचार आणि गुडघेदुखीचे उपाय येत असतात. "सगळ्यांचं नेट बंद करायला काय लागतं? बटण दाबलं की झालं. एकाचंच बंद करून दाखव मेल्या!" असं ते शेजाऱ्याला ऐकवतात. बढाई सोडली तर यात तथ्य आहे. त्यासाठी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 असा आकडा टाकून राउटरच्या पोटात शिरावं लागतं, जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून नातवाचं यंत्र हुडकावं लागतं आणि त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवर बंदी घालावी लागते. हा पत्ता बारा अक्षरी. शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्यांतूनच बनलेला, नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला. ती यादी हा खोतांचा सातबारा. तो ते वहीत लाल शाईनं उतरवून घेतात, खाली तारीख घालून सही करतात. सही कशाला, हे विचारायचं नाही.

घोळ एवढाच की यादीत दोन यंत्रांपुढे नुसतं 'अननोन' लिहिलेलं असतं. खोत अनुभवाच्या जोरावर त्यातल्या एकावर बोट ठेवतात. त्या संध्याकाळी आजींची मालिका ऐन साखरपुड्यात थांबते आणि पडद्यावर गोल फिरू लागतं.

"अहो, पोराला शिस्त लावायची तर पोराला लावा. माझ्या मालिकेनं तुमचं काय घोडं मारलंय?"

खोती कायद्यानं जायला वर्षं लागली. आजींपुढे ती दोन मिनिटांत मागे घेतली जाते.

मग बंदी योग्य यंत्रावर बसते आणि नातू राउटरमधून वायर ओढून नेतो. वायरीच्या कार्डाचा पत्ता वायफायच्या पत्त्याहून वेगळा असतो, हे खोतांना चार दिवसांनी कळतं. तोही वहीत जातो. नातू मग सेफ्टी पिननं राउटरच्या मागचं बारीक भोक दाबून धरतो आणि सगळे नियम एका झटक्यात साफ होतात. मूळ पासवर्ड खालच्या चिठ्ठीवर छापलेलाच. आता त्या चिठ्ठीला काळी टेप आहे. शेवटी नातू आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावतो, तिथे खोतांची हद्द संपते. त्या फोनवर रोज दीड जीबीचा रिचार्ज मारतं कोण, तर खोतच. क्लासवरून येताना पोरगं पावसात कुठे अडकलं तर फोन लागायला नको?

गणपतीत चाकरमानी येतात ते तांब्याभर पाणी पिण्याआधी पासवर्ड मागतात. खोतांनी त्यांच्यासाठी वेगळं पाहुण्यांचं नेटवर्क काढून ठेवलंय. ते पडवीच्या खांबापाशी उभं राहिलं तरच मिळतं, कारण मधल्या जांभ्याच्या भिंती वायफायला दाद देत नाहीत. विसर्जनाच्या रात्री ते बंद. आणि 22 जुलै 2021 ला जगबुडी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा खोतांनी माळ्यावर सगळ्यात आधी काय चढवलं, ते आजी आल्यागेल्याला सांगतात. तांदळाची पोती तिसऱ्या फेरीत गेली.

खोतांचं हुकमी उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले, पोरांनी पुस्तकं उघडावीत म्हणून. "अख्खं गाव ऐकतं आणि मला हा एक कार्टा आवरू नये?"

"तिथे भोंगा वाजला की म्हातारेसुद्धा फोन खाली ठेवतात," आजी म्हणतात.

अशा वेळी खोतांना ऐकू कमी येतं.

अलीकडे त्यांना वेळापत्रकाचा शोध लागलाय. नातवाच्या कॉम्प्युटरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, राउटर आपोआप पाळतो. पण बऱ्याच राउटरांत घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. पावसाळ्यात खेडात लाइट गेली आणि आली की असा राउटर थेट 1 जानेवारी 1970 च्या पहाटे जागा होतो, मग नेटवरून आजची वेळ मागून घेतो. त्यातून खोतांच्या राउटरचा टाइम झोन कुणी बदललेलाच नाही. तो ग्रीनविचची वेळ पाळतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतो. त्यामुळे बंदी लागते पहाटे साडेतीनला आणि उठते सकाळी साडेअकराला. सुट्टीत पोरगं झोपतं तीनला आणि उठतं दुपारच्या जेवणाला.

खोत साडेनऊला बीपीची गोळी घेऊन आडवे होतात. सकाळी सहाला उठून आधी यादी उघडतात, तर नातवाच्या नावापुढे लाल फुली. तिच्याकडे ते समाधानानं बघतात आणि मग चहा मागतात. नातवानंही हल्ली वायर ओढणं सोडलंय. "सुधारला हो," असं खोत सांगत फिरतात.

तेव्हा खेडात कुणाच्या ओटीवर हे खोत भेटले तर खुशाल बसा, वही बघा, पासवर्ड मागून बघा. पण राउटरचा टाइम झोन तपासा, असं तेवढं सुचवू नका. नातवाची तशी विनंती आहे.