फणस, ऊस आणि दोन नंबरची कॉइल

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या माणसाचं आपल्या गाडीविषयी फार चांगलं मत होतं. खंबाटकीचा चढ एकदा संपला की कराडपर्यंत महामार्ग, आणि कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलं की पुढे चिपळूणच्या बाजूला सगळं काम ब्रेकचं. इंजिनाने नुसतं सोबत यायचं. खंबाटकीत आमच्या गाडीने थोडे हिसके दिले होते, पण बायकोने ते माझ्या क्लचवरच्या पायाच्या खात्यावर जमा केले आणि विषय मिटला.

परतीला मात्र मिटेना. सह्याद्री खाली फुकट सोडतो आणि वर येताना भाडं वसूल करतो.

गुहागरहून निघताना डिकीत एक अगडबंब फणस चढवला होता. चिपळूणच्या अलीकडेच लक्षात आलं, की ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे सरकते, मध्येच अडखळते, हिसका देते आणि पुन्हा सरकते. पाय उचलला की शहाणी. उभी केली तर इंजिन इतकं शांत, की चालू आहे का बंद याचीच शंका यावी. आणि दर हिसक्याला डिकीतून धप्प असा आवाज.

मेहुण्याने तत्काळ निदान केलं. तो बाणेरला राहतो आणि मोटारींबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान मोबाईलमधून येतं.

"दाजी, इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात ताकद कमी, वर ते पाणी ओढून घेतं. गाडी झटके मारणार नाही तर काय करणार?"

यातलं शास्त्र चुकीचं नव्हतं. तेवढ्याच इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि त्याला पाण्याची ओढ असते, हे खरंच आहे. चूक एवढीच झाली, की शेजारी कराडचे मामा बसले होते. मामांचा ऊस दर हंगामाला कारखान्याला जातो.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "गाडीला काय बी म्हणा. आमच्या उसाला बोल लावायचा न्हाई."

तिथून पुढे गाडीतलं वातावरण तापलं. इंजिनाचा काटा मात्र जागच्या जागी होता.

चिपळुणात एका गॅरेजवाल्याने बाजारपेठेतून चक्कर मारून आणली. बाजारपेठेत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही; हिसके कुठून येणार? त्याने एअर फिल्टर झटकला, थ्रॉटल बॉडीत स्प्रे मारला. मग स्पीडब्रेकरवर धप्प ऐकून चेहरा पाडला आणि म्हणाला, "इंजिनाचं माउंटिंग गेलंय, साहेब. गाडी ठेवून जावी लागेल." मी डिकी उघडून फणस उचलला, मागच्या सीटवर बायकोच्या शेजारी बसवला आणि पुन्हा चक्कर मारायला सांगितली. माउंटिंग बरं झालं होतं.

असल्या दुखण्याची गोम अशी, की ते दाखवायला नेलं की गायब होतं. मिसिंगचं, म्हणजे सिलिंडरने मध्येच पेट न घेण्याचं, तर हमखास. स्पार्क प्लगच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर फट असते आणि ठिणगीला ती ओलांडायची असते. गाडी उभी असते तेव्हा सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल थोडं, दाब कमी, त्यामुळे दुबळी ठिणगीसुद्धा वेळ मारून नेते. चढावर पाय दाबला की दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि हे व्होल्ट पुरवणाऱ्या ज्या कॉइलचं इन्सुलेशन फुटलंय तिचा करंट भलत्याच वाटेने इंजिनाच्या धातूत पळतो. तो सिलिंडर तेवढ्यापुरता संपावर जातो आणि उरलेले तिघे आपल्याला ओढतात. हा हिसका सपाट रस्त्यावर कुणाला कसा दाखवणार?

हे मला पोफळीच्या अलीकडच्या मिस्त्रीने समजावलं. पत्र्याची शेड, बाहेर जुने टायर, आणि शेडच्या समोरूनच घाटाचा रस्ता वर जाणारा. त्याने बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर लावला, माझ्या जागी बसला आणि म्हणाला, "चला, घाटाला विचारू."

पहिल्याच वळणावर गाडीने हिसका दिला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला. मिस्त्री खूश झाला. "पी-०३०२. दोन नंबर मिसिंग मारतोय." त्या आकड्यातला शेवटचा अंक सिलिंडरचा असतो, हे त्याने मेहुण्याकडे बघून सांगितलं. मेहुणा मोबाईलमध्ये तेच शोधत होता, रेंज नव्हती.

मला वाटलं आता कॉइल बदलणार. पण त्याने दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरला बसवली, तीनची दोनला, कोड पुसला आणि पुन्हा घाटात. पुन्हा हिसका. आकडा आता पी-०३०३.

"प्लग किंवा इंजेक्टरचा दोष असता तर तो दोनातच राहिला असता," मिस्त्री म्हणाला. "हा कॉइलबरोबर घर बदलून तिनात आला."

इतकं स्वच्छ निदान मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडेही पाहिलेलं नाही.

वर दिवा लुकलुकत असताना गाडी रेटायची नाही, अशी त्याने तंबी दिली. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि कन्व्हर्टर जळतो. "त्याच्या पैशात फणसाची अख्खी बाग येईल," असं सीटवरच्या प्रवाशाकडे पाहत तो म्हणाला.

नवी कॉइल आणायला त्याचा पुतण्या मोटरसायकलवर चिपळूणला गेला. आम्ही शेडमध्ये चहा पीत बसलो. याच डोंगराच्या पोटातून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरतं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. एवढी वीज पायाखाली तयार होत असताना आम्ही एका ठिणगीची वाट बघत होतो. बायकोने हे मोठ्याने बोलून दाखवलं. मिस्त्रीने नम्रपणे सांगितलं, की बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करायला कोयना नाही, कॉइलच लागते.

नवी कॉइल बसवायला वेळ लागला तो एक बोल्ट काढून घालण्याइतका. मजुरी मात्र घाटात दोनदा जाऊन येण्याची, आणि ती मी आनंदाने दिली. मामांनी जुनी कॉइल मागून घेतली, रुमालात बांधली आणि मिस्त्रीला साऱ्यांसमोर विचारलं, "मंजे उसाचा काय दोष न्हाई?"

"ह्यात नाही," मिस्त्री म्हणाला.

"ह्यात," मेहुण्याने तो शब्द पकडला. "एका कॉइलवरून सिद्ध काही होत नाही, मामा."

कुंभार्लीची सगळी वळणं या वादात सरली. गाडी एका दमात वर आली, कोयनानगर गेलं, पाटण गेलं. ती हिसके देत नाहीये हे बोलून दाखवायला कुणाला फुरसत नव्हती. मल्हारपेठेत मामांनी गाडी रसवंतीपाशी थांबवायला लावली. आलं-लिंबू घातलेला भरलेला ग्लास त्यांनी स्वतः मेहुण्याच्या हातात दिला.

"प्या, पाव्हणं. ह्यानं झटकं बसत्यात का बघा."