अण्णाची ट्रॉली

कुंभकोणमला चाकांचा तोटा नाही. ती फिरत नाहीत, एवढंच. सारंगपाणीच्या देवळाचा गाभारा रथाच्या आकाराचा आहे. दगडी चाकं, दगडी हत्ती, दगडी घोडे. नागेश्वराच्या देवळातला नटराजमंडप तसाच. जवळच दारासुरमला दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ आहे. 2004 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या मंडपाचे घोडे आठशे वर्षं उधळलेले आहेत आणि मंडप तसूभर हललेला नाही. अशा गावात राहून आमच्या अण्णाने फिरता धंदा काढायचं ठरवलं.

अण्णा माझा आत्तेभाऊ. आत्याच्या सासरचे लोक व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला आले, असं ते सांगतात. तंजावर भागातलं प्रत्येक मराठी घर व्यंकोजीराजांबरोबरच आलेलं असतं. मागाहून, सवडीने, नोकरीबिकरी शोधत कोणी आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अण्णा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने एका शेतकऱ्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली विकत घेतली. तिच्यात डिग्री कॉफीचं दुकान थाटायचं आणि 2028 सालच्या महामहमला, बारा वर्षांनी येणाऱ्या त्या स्नानपर्वाला, ती तळ्याजवळ नेऊन उभी करायची. मागचा महामहम 2016 साली झाला, तेव्हा अण्णा कॅश मोजत बसला होता. ते त्याच्या मनाला लागलं होतं.

सल्ल्यासाठी फोन मला आला. ‘तू सांगलीचा. ट्रॉलीतलं तुला कळणारच.’

ट्रॉलीशी माझा संबंध असा, की गळीत हंगामात उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये माझं निम्मं तारुण्य गेलं. मागून बघून येणारं ज्ञानही काही कमी नसतं. फाळक्याविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. मी गेलो.

या ट्रॉलीने आधी भात वाहिलं, मग विटा वाहिल्या, आणि मग बरीच वर्षं काहीच नाही. त्या रिकामपणानेच तिला खाल्लं होतं. अण्णाला ती पाहताक्षणी आवडली होती यात मला नवल वाटलं नाही. वेल्डिंगवाला मिस्त्री हातोडी घेऊन चासीवर टकटक करत फिरला. ठण्ण वाजलं की खडूने बरोबरची खूण, भद्द वाजलं की फुली. फेरी संपली तेव्हा अण्णाच्या शाळेतल्या गणिताच्या वहीची आठवण आली. रामानुजन ज्या गावात शिकले त्याच गावात अण्णाही शिकला आहे. गणिताचं नातं तेवढ्यावरच थांबतं.

‘अँगल चांगला आहे,’ मिस्त्री म्हणाला. एकवचनात.

तळाचा पत्रा गेला. बाजू गेल्या. हब उघडले तर बेअरिंगऐवजी तांबडी भुकटी निघाली. स्प्रिंगच्या पाट्यांमधला मुख्य पाटा तडकलेला होता. फाळका मात्र शाबूत निघाला आणि तज्ज्ञ म्हणून माझी लाज राखली गेली. तळ, बाजू, हब, पाटे आणि टायर नवे घातल्यावर जुन्या ट्रॉलीचं खऱ्या अर्थाने उरलं ते आरसी बुक. ते मात्र जपायलाच हवं होतं, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरची नोंदणी वेगळी असते आणि नोंदीशी न जुळणारे फेरफार मालकाला परस्पर करता येत नाहीत. एका कचेरीत विचारलं, हे वाहन की हॉटेल? वाहन म्हणालो तर शेगडी कशाला? दुसऱ्या कचेरीत विचारलं, हे हॉटेल की वाहन? हॉटेल म्हणालो तर चाकं कशाला? खाद्यपदार्थांची नोंदणी तेवढी सरळ झाली. छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये. अण्णा ती पावती पाहुण्यांना दाखवायचा.

खरी मौज झाली ती तोलाची. दोन चाकांच्या ट्रॉलीचा भार आसाच्या जरा पुढे लागतो, म्हणजे दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर दाबून बसते. भार मागे गेला की दांडी आभाळाकडे बघते. अण्णाने शेगडी, पाण्याची टाकी आणि सिलिंडर हे सगळं फाळक्याशी आखलं होतं, कारण गिऱ्हाईक तिथे उभं राहणार. मिस्त्री म्हणाला, जॅक काढून बघू, पण वजन चढवा. सामान अजून आलं नव्हतं, म्हणून नातेवाईक चढवले. आत्या पाण्याची टाकी, जावई सिलिंडर, मी दुधाचे कॅन. मिस्त्री खालून ओरडला, ‘टाकी पुढे घ्या!’

‘मी हलणार नाही,’ आत्या म्हणाली. ‘शेगडीला सांगा.’

शेगडी म्हणजे वहिनी. दोघी जागच्या हलल्या नाहीत, दांडी सावकाश वर गेली आणि सगळी डिग्री कॉफी फाळक्यावर येऊन आदळली. मी दुधाचे कॅन असल्यामुळे सर्वात खाली होतो.

वहिनींचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. अण्णा त्यांना तिरुवारूरच्या त्यागराजाच्या रथाचा दाखला द्यायचा. तो प्रचंड रथ 1926 साली आगीत जळाला, नवा घडवला, पुढे तोही बसून राहिला आणि 1970 साली पुन्हा फिरला. त्याची लोखंडी चाकं आणि ब्रेक तिरुचीच्या भेल कारखान्याने केले. ‘देवाचा रथ दुरुस्त होतो, मग माझी ट्रॉली का नाही?’

‘त्याला ओढायला हजारो माणसं येतात,’ वहिनी म्हणाल्या. ‘आपल्याकडे एक जावई आहे.’

मला विचाराल तर अण्णाचा बेत मुळातच उलटा होता. जवळच्या मन्नारगुडीला 1931 साली बैलगाडीवरचं फिरतं वाचनालय निघालं, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रेरणेने. निवृत्त इंजिनिअर कनकसभै पिळ्ळै त्यामागे होते. ते मला पटतं. पुस्तकाकडे माणूस आपणहून जात नाही, पुस्तकालाच त्याच्या दारी जावं लागतं. पण कॉफीसाठी कुंभकोणमचा माणूस पहाटे, पावसात, आजारी असतानाही चालत जातो. शिवाय ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ फिरायची ती कधीच फिरली आहे. तमिळनाडूच्या कुठल्याही हायवेवर तिच्या पाट्या आणि मांडलेले पितळी टंबलर दिसतात. अण्णा ती कुंभकोणममध्येच फिरवायला निघाला होता.

पाटीवरून आठवडाभर वाद झाला. तमिळ हवंच. इंग्रजी जावयाला हवं होतं. आत्याचं म्हणणं, पूर्वजांची दप्तरं मोडी लिपीत आहेत, तर पाटीही मोडीत हवी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातला कोणी जाणकार चाळीस किलोमीटरवरून येऊन ती वाचेपर्यंत कॉफी निवेल, हे मी सांगून पाहिलं. पाटी तीन लिप्यांत झाली.

ट्रॉली रंगवून, फिल्टर-टंबलर मांडून तयार झाली आणि तेव्हा कोणीतरी विचारलं, ट्रॅक्टर कुठे आहे?

तो नव्हता. भाड्याने मिळेल, असं अण्णा धरून चालला होता. पण 12 जून ही मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख, आणि त्या वर्षी पाणी वेळेवर सुटलं. डेल्टातला चालू स्थितीतला प्रत्येक ट्रॅक्टर कुरुवै भाताच्या चिखलणीला गेला होता. शेतकऱ्यांनी अण्णाकडे बघितलं ते दयेने. तोवर दूध फुकट कशाला घालवा म्हणून अण्णाने घरासमोरच जॅकवर दुकान सुरू केलं. गल्ली आली, पलीकडची गल्ली आली. टंबलर ठेवायला फळी बसवली. दांडी पुन्हा उसळू नये म्हणून जॅकखाली थोडं सिमेंट ओतलं, मग गिऱ्हाइकांना टेकायला त्यालाच लागून कट्टा केला.

भात लावून झाल्यावर ट्रॅक्टरवाला आला. हूक लावायला वाकला, कट्ट्याकडे पाहिलं, त्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते उठले नाहीत.

‘सार,’ तो अण्णाला म्हणाला, ‘हे फोडायचं, की मी जाऊ?’

‘आधी कॉफी घे,’ अण्णा म्हणाला.

तो म्हाताऱ्यांच्या शेजारी बसला.